केसगळतीसाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना: पुरुषांसाठी तयारीपासून वर्षभराच्या पाठपुराव्यापर्यंत

पुरुषांच्या केसगळतीत चूक औषधापेक्षा क्रमात जास्त होते. आधी तेल बदललं जातं, मग शांपू, मग मित्राने सांगितलेली बाटली, मग जाहिरातीतल्या क्लिनिकचं पॅकेज, आणि खिसा हलका झाल्यावर त्वचारोगतज्ज्ञ. तोवर दोन-तीन वर्षं गेलेली असतात. शिवाय इतकं काही चोपडून आणि गिळून झालेलं असतं की मूळ दुखणं कोणतं आणि उपचारांनी झालेला त्रास कोणता, हे डॉक्टरांनाही पटकन कळत नाही. मी औषधविक्रीच्या धंद्यात आहे आणि काउंटरच्या या बाजूने हा उलटा क्रम सतत बघतो. तो सुलटा कसा करायचा ते टप्प्याटप्प्याने लिहितो.

एक गोष्ट आधीच पक्की करा. पहिली भेट औषध मागायला नसते. आपली गळती कोणत्या प्रकारची आहे, हे ठरवून घ्यायला ती असते.

टप्पा १: घाई आहे का, हे ओळखा

दिवसाला ५० ते १०० केस गळणं नेहमीचंच आहे. रोज डोकं न धुणाऱ्याला धुण्याच्या दिवशी ते एकदम दिसतात आणि तो घाबरतो.

कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकत असतील, भोवऱ्याजवळ टाळू दिसू लागली असेल आणि हे वर्षानुवर्षं हळूहळू चाललं असेल, तर ते बहुधा आनुवंशिक पुरुषी टक्कल आहे. त्यात उद्याच धावायची गरज नसते, पण ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणणंही महागात पडतं. उपलब्ध औषधं मुख्यतः आहेत ते केस टिकवतात आणि बारीक झालेल्यांना थोडं जाड करतात. जिथे टाळू तुळतुळीत झाली, तिथे त्यांचा फारसा उपयोग नाही.

सगळ्या डोक्यावरून केस एकसारखे गळत असतील तर गेले तीन महिने आठवा. डेंग्यू, टायफॉइड, कोविड, मोठं ऑपरेशन, उपाशीपोटी उतरवलेलं वजन, यांपैकी काही घडलं की गळती दोन-तीन महिन्यांनी सुरू होते. भाद्रपदात डेंग्यू झालेल्या माणसाचे केस दिवाळीच्या मागेपुढे गळू लागतात आणि तो नव्या शांपूला दोष देतो. ही गळती बहुतेकांची सहा महिन्यांत आपोआप थांबते.

गोल, गुळगुळीत चकती पडली असेल, डोक्यात किंवा दाढीत, तर ती चाई. तिचे उपचार पूर्ण वेगळे असतात. चाईवर लसूण किंवा कांदा चोळल्याने कातडी भाजते आणि डॉक्टरांना चाईआधी ती जखम बरी करावी लागते.

सावधान, पुढील लक्षणं असतील तर याच आठवड्यात दाखवा:
- टाळूत आग, दुखणं, पू किंवा जाड खपल्या
- केस गेलेल्या जागी चकचकीत कातडी, केसांची छिद्रंच न दिसणं
- भुवयाही विरळ होणं
- चार-आठ दिवसांत मुठीने केस निघणं

शेवटचं लक्षण कधीच आनुवंशिक टकलाचं नसतं. जानेवारी २०२५मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातल्या काही गावांत असंच घडलं. काही दिवसांत लोकांचं टक्कल पडलं आणि पहिला संशय पाण्यावर गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या तपासणीत गव्हात सेलेनियमचं प्रमाण बरंच जास्त आढळलं. हेच सेलेनियम ‘केसांच्या’ अनेक कॅप्सुलांत असतं. दोन-तीन प्रकारच्या कॅप्सुला एकदम घेणाऱ्यांनी लेबलं वाचावीत, कारण सेलेनियम आणि ‘अ’ जीवनसत्त्व यांचा अतिरेक केस वाढवत नाही, उलट घालवतो.

टप्पा २: डॉक्टर निवडा, क्लिनिकची पाटी बघून नव्हे

पदवी बघा. एमबीबीएसनंतर त्वचारोगातलं एमडी, डीएनबी, डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल असावं. नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा किंवा आपल्या राज्यातल्या परिषदेचा असतो आणि तो ऑनलाइन तपासता येतो. ‘ट्रायकॉलॉजिस्ट’ एवढ्या बिरुदावरून माणूस डॉक्टर आहे असं समजू नका. अनेक ठिकाणी आधी ‘काउन्सेलर’ भेटतात, मॉनिटरवर टाळू मोठी करून दाखवतात आणि सहा महिन्यांचं पॅकेज पुढे सरकवतात. ते विक्रीचं काम करतात.

नंबर लावताना फोनवर दोन प्रश्न विचारा. डोकं डॉक्टर स्वतः तपासतात का? आणि डर्मोस्कोप (टाळू जवळून, मोठी करून बघायचं भिंग) आहे का? दुसऱ्याला ‘म्हणजे काय?’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे फोन करा.

पैशांची अडचण असेल तर सरकारी आणि महापालिकेची वैद्यकीय महाविद्यालयं उत्तम: मुंबईत केईएम, सायन, नायर, जे.जे., पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल, गोव्यात बांबोळी. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा. विभागाच्या पाटीवर ‘त्वचा व गुप्तरोग’ असं दिसलं तर मागे फिरू नका, केसांचा विभाग तोच. रांग लांब असते आणि डॉक्टरांकडे वेळ कमी असतो. म्हणून तिथे जाणाऱ्यांनी पुढचा टप्पा नीटच करावा.

टप्पा ३: तयारी, जी बहुतेक जण करतच नाहीत

*एक कागद.* त्यावर लिहा: गळती कधी सुरू झाली, कुठून सुरू झाली, गेल्या सहा महिन्यांतली आजारपणं, वजनातला फरक, चालू औषधं. औषधांत जिमची पावडर आणि इंजेक्शनंही धरा. बाहेरून घेतलेलं टेस्टोस्टेरॉन किंवा ॲनाबॉलिक स्टेरॉइड आनुवंशिक टक्कल वेगाने वाढवतं, आणि नेमकी हीच गोष्ट पोरं लपवतात. मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट आणि रक्त पातळ करणारी काही औषधंही केस गाळू शकतात. ही औषधं आपल्या मनाने बंद करायची नाहीत, फक्त लिहून न्यायची.

घराण्याचं लिहिताना मामा आणि आईचे वडील यांच्यावर थांबू नका. वडील, काका, आजोबाही लिहा. टक्कल दोन्हीकडून येतं.

आणखी तीन गोष्टी या कागदावर हव्यातच, कारण औषध त्यावर ठरतं: मुलाचं नियोजन चालू आहे का, रक्तदाब किंवा हृदयाचा काही त्रास आहे का, आणि पूर्वी नैराश्यावर उपचार झाले आहेत का.

*फोटो.* चार-पाच वर्षांपूर्वीचा एखादा, कपाळ दिसणारा. जुनं ओळखपत्रही चालतं. शिवाय आजचे पाच: समोरून, कपाळाचे दोन्ही कोपरे, डोक्याचा वरचा भाग, आणि मागून भोवरा. केस कोरडे, प्रकाश खिडकीचा, फ्लॅश बंद. कोणत्या खोलीत, कुठे उभं राहून काढले तेही लिहून ठेवा. सहा महिन्यांनी हे फोटो लाखमोलाचे ठरतात.

*बाटल्या.* नावं सांगू नका, वस्तूच पिशवीत घालून न्या. याचं कारण माझ्या धंद्यातलं आहे. टकलावरची मुख्य औषधं दोन, मिनोक्सिडिल आणि फिनास्टेराइड (दोन्हींबद्दल टप्पा ५ मध्ये). बाजारात नुसतं मिनोक्सिडिल मिळतं आणि मिनोक्सिडिलमध्ये फिनास्टेराइड मिसळलेलंही मिळतं. खोके सारखे, नावात एखाद्या अक्षराचा फरक. ‘मी फक्त लावायचं औषध वापरतो’ म्हणणारे कित्येक जण नकळत दोन्ही वापरत असतात. बिनलेबलची तेलं आणि ‘आयुर्वेदिक’ म्हणून दिलेल्या सुट्या गोळ्याही पिशवीत टाका.

*बायोटिन.* ‘केस-नखं’ गोळ्यांत ते भरपूर असतं आणि थायरॉइडसकट काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकवतं. रक्त देण्याच्या दोन-तीन दिवस आधी ते थांबवावं लागतं. किती आधी थांबवायचं ते नंबर लावतानाच विचारून घ्या आणि लॅबमध्येही सांगा.

*डोकं.* शांपू आदल्या दिवशी करा, तपासणीच्या दिवशी नको. तेल, जेल, रंग आणि टक्कल झाकणारी फायबर पावडर, काहीही नको. केस ओढून बघण्याची जी तपासणी असते ती नुकत्याच धुतलेल्या डोक्यावर फसवी ठरते. आणि कृपा करून आदल्या दिवशी सलूनमध्ये जाऊन झिरो मशीन मारून घेऊ नका. विरळपणाचा नमुनाच पुसला गेला, तर डॉक्टर बघणार काय?

निघण्यापूर्वी तपासा: कागद, फोटो, बाटल्यांची पिशवी, जुने रिपोर्ट, कोरडं आणि स्वच्छ डोकं.

टप्पा ४: तपासणीच्या खोलीत

पहिलं वाक्य ‘डॉक्टर, केस येतील का?’ असं नको. ‘अमुक वर्षापासून कपाळाकडून विरळ होत आहेत, मध्ये कुठला आजार नाही, हे औषध इतके महिने लावलं,’ असं म्हणून कागद पुढे करा. निम्मा वेळ वाचतो.

नीट तपासणी कशी असते ते माहीत असलेलं बरं. डॉक्टर उजेडात भांग पाडून बघतात: एकदा वर, एकदा डोक्याच्या मागे. मागचे केस हे मोजमापाचा आधार असतात, कारण पुरुषी टकलात ते सहसा शाबूत राहतात. मग डर्मोस्कोप टाळूला टेकवतात. त्यात जाड आणि बारीक केस शेजारी-शेजारी मिसळलेले दिसले, तर केसांची मुळं आक्रसत चालल्याची ती खूण. मग ५०-६० केसांची बट बोटांत धरून हलकेच ओढतात. सहाहून जास्त केस सहज हातात आले, तर गळती जोरात चालू आहे असं धरतात. भुवया, दाढी आणि नखंही बघतात.

हे काहीच न करता, टेबलापलीकडूनच चिठ्ठी लिहिली जात असेल, तर नम्रपणे म्हणा, ‘डॉक्टर, एकदा जवळून बघता का?’ यात उद्धटपणा काही नाही.

रक्ततपासण्या सरसकट लागत नाहीत. सरळसरळ पुरुषी टक्कल असेल तर बहुधा नाहीतच. सगळीकडून गळती असेल, थकवा असेल किंवा आहार तुटपुंजा असेल तर हिमोग्लोबिन, लोहाच्या साठ्यासाठी फेरिटिन, थायरॉइडसाठी टीएसएच, आणि शाकाहारी माणसाचं बी१२, एवढं साधारण सांगितलं जातं. सत्तर तपासण्यांचं पॅकेज कोणी पुढे केलं तर यातली नेमकी कोणती कशासाठी, ते विचारा.

व्रण सोडणाऱ्या टकलाचा संशय आला तर डॉक्टर बायोप्सी सुचवतात. ऐकूनच माणसाच्या पोटात गोळा येतो, कारण बायोप्सी म्हटलं की कॅन्सरच डोक्यात येतो. इथे तसं नाही. जागा बधिर करून साधारण ४ मिलिमीटरचा कातडीचा तुकडा काढतात आणि एखाद-दुसरा टाका घालतात. अशा टकलात गेलेला केस परत येत नाही, म्हणून ही तपासणी लांबवू नये.

उठण्यापूर्वी तपासा: चिठ्ठीवर निदानाचं नाव आहे का? पुरुषी टक्कल असेल तर नॉरवूड श्रेणी, म्हणजे १ ते ७ मधली पायरी, लिहिली आहे का? पुढची भेट कधी? हे तीन नसेल तर लिहून मागा.

टप्पा ५: औषध ठरताना विचारायचं ते

*मिनोक्सिडिल* लावायचं असतं. पुरुषांना सहसा ५ टक्क्यांचं देतात. कमी मात्रेच्या गोळीच्या रूपातही हल्ली देतात, पण मुळात ते रक्तदाबाचं औषध. गोळीने पायावर सूज, छातीत धडधड, अंगभर लव वाढणं होऊ शकतं, म्हणून रक्तदाब मोजल्याशिवाय ती सुरू करू नये.

*फिनास्टेराइड* ही १ मिलिग्रॅमची रोजची गोळी. टेस्टोस्टेरॉनपासून बनणारं डीएचटी हे संप्रेरक केसांची मुळं आक्रसवतं. ही गोळी ते कमी करते. शंभरात मोजक्या जणांना कामेच्छा कमी होणं किंवा ताठरता कमी होणं असा त्रास होतो. बहुतेकांचा तो गोळी थांबवल्यावर जातो, काहींनी तो पुढेही राहिल्याचं सांगितलं आहे. युरोपीय औषध संस्थेने २०२५मध्ये आत्महत्येचे विचार हाही या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. म्हणून नैराश्याचा इतिहास सांगितलाच पाहिजे, आणि गोळी चालू असताना मन उगाच खचू लागलं तर ती थांबवून डॉक्टरांना फोन करायचा.

या गोळीबद्दलच्या, चिठ्ठीवर नसणाऱ्या, तीन गोष्टी मी काउंटरवर आवर्जून सांगतो. घरात गरोदर बाई असेल तर तिने तुटलेली गोळी हाताळू नये. प्रोस्टेटची पीएसए तपासणी करताना ही गोळी चालू असल्याचं सांगावं, कारण आकडा जवळपास निम्मा येतो आणि खरा धोका झाकला जातो. आणि रक्तदान करण्याआधी रक्तपेढीत सांगावं. मंडळाच्या शिबिरात उत्साहाने जाणारे हे हमखास विसरतात.

कोंडा आणि खाज असेल तर केटोकोनाझोलचा शांपू जोडीला मिळतो. फेस तीन ते पाच मिनिटं टाळूवर ठेवायचा, लगेच धुऊन टाकला तर पैसे मोरीत.

*पीआरपी*, म्हणजे आपल्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग टाळूत टोचणं. काहींना फायदा होतो, पण हे औषधांच्या जोडीचं काम आहे. पहिल्याच भेटीत, निदान होण्याआधी पीआरपीचं पॅकेज पुढे आलं तर पुढचा डॉक्टर गाठा.

टप्पा ६: लावण्याची पद्धत

सगळ्यात जास्त वाया जाणारं औषध म्हणजे मिनोक्सिडिल, कारण ते केसांना लावलं जातं. लावायचं असतं टाळूला.

१. डोकं पूर्ण कोरडं हवं.
२. ड्रॉपरमध्ये १ मिलीच्या खुणेपर्यंत औषध घ्या. स्प्रे असेल तर किती दाब म्हणजे १ मिली, ते खोक्यावर वाचा.
३. विरळ भागात कंगव्याने भांग पाडा, त्या रेघेवर चार-पाच थेंब सोडा, बोटाच्या टोकाने पसरवा. अर्धा इंच सोडून पुढचा भांग.
४. तेलासारखं चोळून मालिश करू नका. कपाळावर ओघळलं तर पुसा, नाहीतर तिथे लव येते.
५. हात साबणाने धुवा. निदान चार तास डोकं भिजवू नका.
६. रात्री लावायचं तर झोपण्याच्या दोन तास आधी. ओलं असताना आडवं झालं की औषध उशीला जातं.

सावधान: द्रावणात अल्कोहोल असतं, लावल्या लावल्या गॅसपाशी जाऊ नका की सिगारेट पेटवू नका. घरात मांजर असेल तर बाटली आणि उशी तिच्यापासून लांब ठेवा, मांजरांना मिनोक्सिडिल थोडंसंही विषारी ठरतं. खूप खाज आणि लाली आली तर द्रावणातलं प्रॉपिलीन ग्लायकॉल सोसत नसेल. डॉक्टरांना विचारून फोम घ्या, औषध सोडू नका.

तपासा: दिवसातून दोनदा सांगितलं असेल तर ६० मिलीची बाटली ३० दिवसांत संपायला हवी. तीच बाटली तीन महिने पुरवून ‘काही फरक नाही’ म्हणत येणारे कित्येक असतात. त्यांनी औषध वापरलेलंच नसतं.

टप्पा ७: वाट बघणं

पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत गळती वाढू शकते. जुने, झोपलेले केस सुटतात आणि नव्यांना जागा होते. निम्मे लोक इथेच बाटली फेकतात. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर मी सांगतो: थांबा.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे आरशात रोज बघून काही कळत नाही. तिसऱ्या महिन्यात भेट घ्यायची ती दुष्परिणाम आणि लावण्याची पद्धत तपासायला. खरा अंदाज सहाव्या महिन्यात येतो, निकाल बाराव्या महिन्यात. दर तीन महिन्यांनी त्याच खिडकीत, त्याच पाच कोनांतून फोटो काढा. आहे तेवढंच टिकलं असेल तरी औषध लागू पडलं असं समजा, कारण न घेता ते घटलंच असतं.

औषध बंद केलं की काही महिन्यांत मिळवलेलं जातं. सुरू करण्यापूर्वीच वर्षाच्या खर्चाचा हिशेब मांडा. लग्न जमवण्यापुरतं सहा महिने लावतो, असा बेत असेल तर तो सुरूच करू नका.

या काळात पुण्यातला माणूस हेल्मेटला आणि उपनगरातला बोअरच्या पाण्याला दोष देतो. हेल्मेटने टक्कल पडत नाही. कडक पाण्याने केस राठ होतात, पण मूळ मरत नाही. हेल्मेट घाला.

टप्पा ८: रोपणाचा विचार, सगळ्यात शेवटी

रोपणात नवे केस तयार होत नाहीत, मागचे पुढे लावले जातात. मागचा साठा ठरलेला असतो. बावीस-तेविसाव्या वर्षी कपाळाची रेघ खाली ओढून घेतली आणि पुढे भोवरा रिकामा झाला, तर तिथे लावायला काही उरत नाही. म्हणून गळती औषधाने वर्षभर स्थिर झाल्याशिवाय रोपण नको, आणि रोपणानंतरही औषध चालूच ठेवावं लागतं, नाहीतर लावलेल्यांच्या मधले मूळचे केस जातात.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीचं रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरानेच हे करावं, आणि व्हिडिओ बघून किंवा एखादी कार्यशाळा करून शिकलेलं प्रशिक्षण मानलं जाणार नाही, असं त्यात आहे. म्हणून पैसे भरण्याआधी विचारा: शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर स्वतः खोलीत असणार का, चिरा कोण देणार, किती ग्राफ्ट (मागून काढून पुढे लावायचे केसांचे पुंजके), आणि मागे किती साठा उरणार? एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात, तेव्हा जाहिरातीतला आकडा ग्राफ्टचा आहे की केसांचा, तेही लिहून घ्या. बधिर करण्याच्या औषधाची ॲलर्जी, रक्तदाब आणि मधुमेह यांची चौकशी न करता तारीख देणाऱ्याकडे ॲडव्हान्स भरू नका.